बुवा न आवडणाऱ्या विमलताई

गाण्याच्या बैठकीत शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून बसणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. मेहकरच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. गावच्या संगीत मंडळाच्या बैठकींना गेलं की चार चांगल्या घरांत ओळख होते, असं घरमालकांनी सांगितलं होतं, म्हणून गेलो. विलंबित ख्याल सुरू झाला तसे हॉलमधले डोळे एकेक करून मिटत गेले, बाजारातली शटरं खाली यावीत तसे. मीही माझे मिटले. बऱ्याच वेळाने घड्याळ पाहावं म्हणून एक डोळा किलकिला केला, तर भिंतीशी ताठ बसलेल्या एक बाई थेट माझ्याकडेच पाहत होत्या. कॉपी करणारा मुलगा सापडल्यावर शिक्षिका पाहते, अगदी तशा. मी घाईने डोळा मिटला आणि वर मानही हलवली.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी त्यांनी मला गाठलंच.

"तुम्ही मराठीचे नवे सर ना? मी विमल इंगळे. तुमच्याच शाळेत भूगोल शिकवते. आवडलं का गाणं?"

"अप्रतिम," मी म्हणालो.

"काय आवडलं?"

असा प्रश्न कुणी विचारेल याची मी तयारी करून गेलो नव्हतो. "वातावरण," मी म्हणालो.

"वातावरण तर मी आठवीले शिकवते," विमलताई म्हणाल्या. "मी गाण्याचं विचारून राह्यले."

पुढची वीस-बावीस वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. या बाईंना गाण्याचं वावडं असेल असा माझा सुरुवातीला समज झाला होता, तो लवकरच दूर झाला. त्या मोताळ्याकडच्या. वडील शेतकरी, पण जयंतीच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून त्यांना भीमगीतं म्हणायला बोलावणं यायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून वडील पहिली ओळ उचलत आणि खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायासुद्धा पदर खोचून पुढे सरकत, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. "गाण्यानं आयकनाऱ्याले काही तरी झालं पाह्यजे," असं त्या म्हणत. "रडू या, हसू या, नाही तर पाय तरी हलला पाह्यजे." वह्या तपासताना त्या सतत काही ना काही गुणगुणत असत आणि सुरातच गुणगुणत.

अडचण होती ती एकाच गायकाची. आणि तो गायक नेमका त्यांच्या नवऱ्याचा देव होता.

इंगळे वकील आमच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष. कोर्टात कडक, घरात मऊ, आणि गाण्याच्या बाबतीत निव्वळ खुळे. मंडळातले बाकीचे सभासद गाण्याला येत ते लग्नाच्या पंगतीला जावं तसे; आपण आलो होतो हे दिसावं म्हणून. वकीलसाहेब मात्र खरोखर ऐकत. आणि त्यांनी सगळ्यात जास्त ऐकलं ते बुवांना. बुवांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर अर्ध्या वाचकांना पुस्तक खाली ठेवून कानाच्या पाळीला हात लावावा लागेल आणि उरलेल्यांना लावल्यासारखं करावं लागेल. गायकाला मिळू शकतात ते सगळे सन्मान बुवांना मिळून चुकले होते. त्यांच्या गाण्यावर जाडजूड लेख येत. बुवांच्या दोन स्वरांमधली शांतताही गाते, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. ते वाक्य मंडळात इतकं पसरलं की पुढे पुढे आमचे लोक रेकॉर्डिंग ऐकताना बुवा गात असले की गप्प बसत आणि थांबले की "वा!" म्हणत.

"शांतता आयकायले एवढा खटाटोप काऊन?" विमलताई म्हणत. "आमच्या वावरात या. फुकट भेटते, दिवसभर."

त्या बुवांना वाईट म्हणत नसत, हे मला मुद्दाम सांगायला हवं. "खराब गातात असं मी कधी म्हनलं? मोठेच असतील. मले आवडत नाही, एवढंच." पण हे 'एवढंच' गावाला पचत नव्हतं. बुवा वाईट आहेत म्हटलं असतं तर लोक भांडले असते. मला त्यातलं कळत नाही म्हटलं असतं तर कीव केली असती. भांडणाची किंवा कीव करण्याची संधी न देता एखादी बाई सरळ आवडत नाही म्हणते, तेव्हा सुशिक्षित माणसाने करायचं काय?

मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर होते. रुग्णाचं तोंड उघडं असताना त्याला रागदारी समजावून सांगायची त्यांना सवय होती, त्यामुळे उलट उत्तर ऐकण्याची नव्हती. एकदा इंगळ्यांच्या घरी चहा पिताना ते म्हणाले, "वहिनी, आवडलं नाही याचा अर्थ समजलं नाही. समजलं की आवडतंच."

"मंग मले कारलं समजलं नसन."

"कारलं आणि शास्त्रीय संगीत एक का?"

"बरं, कारलं राहू द्या. यांचे धाकटे भाऊ घ्या. लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यले, पुरते समजले मले. आवडले का, ते विचारा."

सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेबच हसले. भाऊ त्यांनाही पुरते समजलेले होते.

पण हे सगळं बोलण्यावारी नेऊन विमलताई स्वस्थ बसल्या होत्या असं नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी नवऱ्यासाठी बुवा आवडून घ्यायचे असं ठरवलं. रोज दुपारी वकीलसाहेब एक रेकॉर्डिंग लावत आणि दोघं समोरासमोर बसत. कधी डोळे मिटून, कधी उघडे ठेवून. कधी जेवून, कधी उपाशीपोटी. कसं चाललंय म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "झोप लागली काल. पन चांगली लागली." शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी खरंच मन लावून आयकलं हो. काहीच नाही झालं मले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वकीलसाहेबांनी रेकॉर्डिंग काढून जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "तुले आवडलं नाही याचं नाही वाटत. मले त्यात जे दिसते ते तुले दाखवता येत नाही, त्याचं वाटते."

हे ताईंनीच मला सांगितलं, आणि सांगून उगीचच खडूचे तुकडे डब्यात भरत बसल्या.

असं असताना एके वर्षी खुद्द बुवा मेहकरला यायचं ठरलं. वकीलसाहेबांनी कितीतरी वर्षं त्यासाठी फोन केले होते. गावात हवा पसरली. ज्यांनी बुवांची चीज म्हणून कधी ऐकली नव्हती, ते बसस्टँडवर एकमेकांना "बुवा यमन घेतील की मारवा?" असं विचारू लागले. बुवांना लॉज चालत नसे, त्यामुळे त्यांचा मुक्काम इंगळ्यांकडे. म्हणजे ज्यांना बुवा आवडत नाहीत त्या गावातल्या एकमेव बाईच्या हातचं त्यांनी जेवायचं होतं. मंडळाला घाम फुटला. सचिव चौघांना घेऊन इंगळ्यांच्या घरी गेले. मीही त्या चौघांत होतो.

"वहिनी, एक दिवस. फक्त एक दिवस," डॉक्टर म्हणाले.

"खोटं बोल म्हनाल तर मी बोलनार नाही," विमलताई म्हणाल्या. "आवडते का नाही आवडत यावर गप राहा म्हना. राहीन गप." आणि मग डॉक्टरांकडे न पाहता, दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्यासाठी."

बुवा दुपारी आले. सोबत तबलजी आणि तंबोऱ्यावर बसणारी एक शिष्या. पंगत बसली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. बुवा खूश झाले, आणि खूश झालेला मोठा माणूस करतो तेच त्यांनी केलं. स्वतःचा विषय काढला.

"काय वहिनी, आमचं गाणं ऐकता की नाही?"

"आयकते नं. रोज सकाळी. हे दाढी करतात तवा."

"वा! मग, आवडतं ना?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग बुवांच्या ताटाकडे. "भाकर वाढते गरम," त्या म्हणाल्या आणि वाढली.

बुवांना वाटलं, बाई लाजल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा भाकरी आली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भाकरीवर भरीतही आलं. बुवा भिडस्त असावेत, किंवा उत्तराची आशा धरून असावेत. ताटात पडेल ते खात गेले. शिष्येचा चेहरा उतरत चालला होता. संध्याकाळी बुवांचा आवाज म्हणावा तसा लागला नाही, त्याला वहिनींच्या भाकऱ्याच जबाबदार होत्या, असं डॉक्टर पुढे कित्येक वर्षं सांगत.

मैफल मंगल कार्यालयात होती. हॉल लांबलचक. वकीलसाहेब पहिल्या रांगेत, बुवांच्या पुढ्यात. विमलताई घरचं आवरून उशिरा आल्या आणि मागे माझ्या रांगेत बसल्या. बुवांनी बराच वेळ तंबोरे लावले आणि मग खर्जातून आलाप सुरू केला. थोड्याच वेळात समोरचे दोन्ही मोठे स्पीकर बंद पडले. बुवांच्या पायाशी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवणारा एक छोटा स्पीकर होता, तो चालू राहिला. त्यामुळे बुवांना काही कळलं नाही. पुढच्या चार रांगांना बुवा तसेही ऐकू येत होते. आणि साउंडवाला पानटपरीवर होता.

मागच्या रांगांना वरच्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे डोळे मिटलेले. माना डोलत होत्या. "क्या बात है," माझ्या मागून कुणी तरी म्हणालं. कोपऱ्यातल्या एका निवृत्त साहेबांनी तर हात हवेत उचलून हळुवार खाली आणला, जणू समेवर. मीही मान हलवत होतो. सगळे हलवताहेत म्हटल्यावर दोष आपल्याच कानांचा असणार.

विमलताईंनी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "तुम्हाले आयकू येऊन राह्यलं का?"

"फार सूक्ष्म आहे, ताई," ते डोळे न उघडता म्हणाले.

विमलताईंनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानावर कवायत घेताना लावत त्या आवाजात म्हणाल्या, "आवाज येऊन नाही राह्यला!"

सगळे डोळे एकदम उघडले. बुवा थांबले. वकीलसाहेब मागे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुठे तरी फार लांब जाऊन अर्ध्या वाटेवरून परत आल्यासारखे दिसत होते.

"केव्हापासून?" बुवांनी विचारलं.

"अर्धा घंटा झाला असन."

बुवांनी हॉलभर नजर फिरवली. "मग मागून ही दाद कोण देत होतं?"

कुणीच बोललं नाही. बुवांच्या स्वरांमधली शांतता गाते की नाही ते मला माहीत नाही, पण त्या क्षणी आम्ही जी निर्माण केली ती नक्की गात होती.

साउंडवाल्याला पकडून आणलं, वायर जोडली, आणि बुवांनी उरलेला कार्यक्रम आटोपता घेतला. नंतर आम्ही सगळे वधूपक्षाच्या खोलीत जमलो. बुवा गादीवर टेकून बसले होते. विमलताई पाणी घेऊन आल्या तशी त्यांनी विचारलं, "नंतर ऐकू आलं?"

"हाव. सारं आलं."

"मग?"

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुपारपासून हे त्यांचं चौथं पाहणं होतं. आम्ही सगळेही वकीलसाहेबांकडे पाहत होतो. ज्या माणसाची इतकी वर्षं वाट पाहिली तो समोर बसलेला होता. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला.

"सांग, विमल," ते म्हणाले. "तुले वाटते तेच सांग."

"बुवा, तुम्ही लय मेहनत घेतली. घाम पाह्यला मी तुमचा," विमलताई म्हणाल्या. "पन मले नाही आवडलं. माफ करा."

गोष्टींमधले थोर कलावंत अशा वेळी खळखळून हसतात आणि त्या बाईला बहीण मानतात. बुवा थोर कलावंत होते, पण गोष्टीतले नव्हते. ते उठले, शाल सारखी केली, गाडीत बसले आणि काच वर केली. पुढे एका मुलाखतीत लहान गावांतले कान अजून तयार व्हायचे आहेत, असं ते म्हणाले. मंडळाने ती मुलाखत कापून फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली.

मंडळाची तातडीची बैठक झाली. स्पीकर कसे बंद पडले यावर चर्चा झाली नाही. ऐकू येत नसताना दाद दिली कुणी, यावरही नाही. विषय एकच होता, वहिनींची लेखी माफी. वकीलसाहेब म्हणाले, "माफी तिनं तिथल्या तिथं मागितली. आता आवडलं असं लिहून द्यायचं तेवढं राह्यलं. ते मी तिले सांगनार नाही." आणि अध्यक्षपद सोडून ते घरी आले. त्यांच्या जागी डॉक्टर बसले. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी डॉक्टर माइकवर येऊन "मागे आवाज येतोय ना?" असं विचारतात आणि मागच्या रांगा एकमुखाने "येतोय!" म्हणून ओरडतात. एकदा माइक सुरू व्हायच्या आधीच ओरडल्या.

बैठकीत वकीलसाहेब बायकोच्या बाजूने उभे राहिले खरे, पण घरी ते मुके झाले. रागावले नव्हते. गाडीच्या वर गेलेल्या काचेचं दुःख त्यांना आतून खात होतं. सकाळची दाढी गाण्याशिवाय होऊ लागली. विमलताई स्टाफरूममध्ये गुणगुणेनाशा झाल्या. "मी गप राहाले पाह्यजे होतं का, सर?" त्यांनी एकदा मला विचारलं. स्वतःच्या वागण्याबद्दल त्यांनी माझं मत विचारलं अशी ती एकच वेळ. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "नाही. यांनीच सांग म्हनलं. मंग खोटं कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आरशासमोर बसले, तर मागून बुवांचा आलाप सुरू झाला. विमलताईंनीच मोबाईलवर लावला होता.

"हे काय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"बिनगाण्याचा हात थरथरते तुमचा," त्या म्हणाल्या. "कुठं तरी कापून घ्याल." आणि दाढीच्या वेळी बुवा लागले की जात तशा त्या गच्चीवर निघून गेल्या. वकीलसाहेब साबण लावलेल्या तोंडानेच जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि म्हणे तिथे उभे राहून पोट धरून हसले.

पुढे आम्ही सगळेच निवृत्त झालो. वकीलसाहेबांच्या बाबतीत मात्र नियतीने जरा जास्तच केलं. त्यांचे कान जाऊ लागले. आधी कोर्टात साक्षीदार ऐकू येईना, मग फोन, मग दारावरची बेल. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी यंत्र बसवून दिलं. बोलणं कसंबसं कळू लागलं, पण गाणं त्या यंत्रातून जाईना. पहिल्या दिवशी त्यांनी उत्साहाने बुवा लावले आणि लगेच बंद केले.

"भांडी घासल्यासारखं येऊन राह्यलं," ते म्हणाले.

"मले तर पयल्यापासूनच..." विमलताईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. अर्ध्यावर सोडलेलं त्यांचं दुसरं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मेहकर सोडलं. मुलीकडे अकोल्याला जायचं होतं, म्हणून निरोप घ्यायला इंगळ्यांकडे गेलो. अंगणात दोन खुर्च्या जवळजवळ टाकलेल्या होत्या. वकीलसाहेब एकीवर डोळे मिटून बसलेले, कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं. मधल्या स्टुलावर मोबाईल, त्यात बुवा. आणि विमलताई नवऱ्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून मोठ्याने सांगत होत्या:

"खाली हायेत अजून. लय खाली. विहिरीत उतरल्यासारखे."

"हं," वकीलसाहेब म्हणाले.

"आता येऊन राह्यले वर. हळू येऊन राह्यले. एक पायरी चढले. पुन्हा उतरले."

"उतरनारच. तो निषाद हाये. पुढे?"

"चढले. चढले... थांबले."

"किती वेळ?"

विमलताईंनी मोबाईलकडे पाहिलं. "अजून थांबलेलेच हायेत."

वकीलसाहेबांचा हात मांडीवरून अलगद वर उचलला गेला. चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना ऐकू येतंय. "वा!" ते म्हणाले. पण आवाजाचा अंदाज राहिलेला नसल्यामुळे एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

मी खुर्ची ओढून बसलो. राहवलं नाही म्हणून हळूच विचारलं, "ताई, रोज इतकं ऐकून आता तरी आवडायला लागले का बुवा?"

"नाही बा, सर. अजिबात नाही," त्या म्हणाल्या. मी आणखी काही विचारणार होतो, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "गप बसा जरा. सुरू झाले ते." आणि त्या पुन्हा नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.